दुर्बीण बिघडलेलीच निघावी

वाल्मीकभाऊंची दुर्बीण फोकस होत नव्हती. दसऱ्याला ती घरी आली आणि नंतरच्या पाच दिवसांत तिच्यातून एकदाही काही धड दिसलं नाही. ती बघायला त्यांनी मला बोलावलं. मी गच्चीत पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. साडेपाचला ते कामावर निघणार होते.

"यशा," ते म्हणाले, "ही बिघडलेली हाय एवढं तू मला सांग. बास."

"आधी बघू तर द्या."

"बघ ना. पण बिघडलेलीच हाय."

मी हसलो. ते हसले नाहीत.

वाल्मीकभाऊ मालगाडी चालवतात. कागदावर त्यांना लोको पायलट म्हणतात, ते स्वतः ड्रायव्हरच म्हणतात. वय त्रेचाळीस. मूळचे निफाड तालुक्यातले. वडील पिंपळगाव बसवंतला एका कोल्ड स्टोरेजवर वॉचमन होते. भाऊंनी सातपूरला आयटीआय केलं, तेविसाव्या वर्षी रेल्वेत लागले आणि गेली वीस वर्षं मनमाडहून गाड्या नेतात, आणतात. राहायला मात्र नाशिकरोडला, कारण सरितावहिनी इथल्या अंगणवाडीत आहेत. जेलरोडला आमची इमारत आहे. ते पहिल्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या.

आमची ओळख पुस्तकामुळे झाली. मी मराठीत एम.ए. केलं आहे आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. चार वर्षांपूर्वी त्यांनी मला जिन्यात थांबवलं. परगावी गाडी पोचवली की ड्रायव्हर लोक विश्रांतीच्या खोलीत थांबतात. तिथे वाचायला काहीतरी दे, म्हणाले, झोप येत नाय. मी एक कादंबरी दिली. आठ दिवसांनी ती परत आली.

"यातली माणसं लय बोलतात रे. कामाला कधी जातात?"

मी दुसरी कादंबरी दिली.

दुर्बिणीचं वेडही कामातूनच आलं. मालगाडीला थांबावं लागतं. एक्स्प्रेस पुढे जाते, पॅसेंजर पुढे जाते, मालगाडी बाजूच्या रुळावर उभी. नांदगावच्या पुढे कधी कधी दोन-दोन तास. इंजिन सोडून जाता येत नाही. समोर रूळ आणि वर आकाश. वीस वर्षं त्यांनी ते पाहिलं. ताऱ्यांना स्वतःची नावं दिली. एकाचं नाव 'पाचोऱ्याचा', कारण तो त्यांना पाचोऱ्याला उगवताना दिसायचा. मी फोनवर बघून त्याचं खरं नाव सांगितलं.

"असंल," ते म्हणाले. "तिकडं त्याला पाचोऱ्याचाच म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"मी अन् कुंदन."

कुंदन म्हणजे त्यांचा सहायक. बागलाणातला, सव्वीस वर्षांचा. इंजिनात दोघं असतात आणि त्यांच्या कामाची एक पद्धत असते. सिग्नल दिसला की एकानं रंग मोठ्यानं बोलायचा. दुसऱ्यानं स्वतः बघायचं आणि तोच रंग पुन्हा बोलायचा. प्रत्येक सिग्नलला, दिवस असो की रात्र. भाऊंची ती सवय घरातही सुटत नाही. वहिनी स्वयंपाकघरातून "दूध आलं" म्हणाल्या की बाहेरच्या खोलीतून आवाज येतो, "दूध आलं."

कुंदन नवीन होता तेव्हा "ग्रीन शे" म्हणायचा, त्याच्या गावच्या बोलीत. भाऊ त्याला म्हणाले, "शे बी नको अन् हाय बी नको. नुसता रंग बोल. गाडी काय व्याकरणावर चालत नाय."

तर गच्चीतली दुर्बीण. हातभर लांब पांढरी नळी, तीन पायांचा स्टँड, खाली थर्माकोलचा खोका. सोबत इंग्रजीतला एक कागद होता. तो वाचायला मी.

आमच्या गच्चीतून पूर्वेला एकलहऱ्याच्या वीज केंद्राची धुराडी दिसतात. उंच, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. कागदावर लिहिलं होतं की पहिल्यांदा दिवसा, दूरच्या स्थिर वस्तूवर फोकस करावा. मी नळी एका धुराड्यावर धरली आणि डोळा लावला. राखाडी गोळा. फोकसची खुंटी फिरवली. गोळा मोठा झाला, लहान झाला, गोळाच राहिला.

"बघ," भाऊ म्हणाले.

डोळा लावायच्या टोकाला त्यांनी सगळ्यात बारीक भिंग बसवलं होतं. वर प्रतिमा दुप्पट करणारी आखूड नळीही लावलेली. कागद सांगत होता, सुरुवात मोठ्या भिंगानं करा, दुप्पट करणारी नळी काढून ठेवा. मी दोन्ही काढलं आणि मोठं भिंग लावलं. उजेड वाढला. गोळा तसाच.

"बघ."

"थांबा हो. अजून आहे."

थर्माकोलच्या खाचेत कोपरासारखा वाकलेला एक काळा तुकडा उरला होता. आत तिरका आरसा असतो. तो मधे लावला नाही तर खुंटी कितीही फिरवा, नळी हवी तेवढी बाहेर येत नाही. भाऊंना तो सुटा भाग जादा वाटला होता. मी तो लावला, त्यात भिंग घातलं. खुंटी फिरवताना या वेळी काहीतरी आकाराला आलं. धुराडं आहे हे कळलं. पण कड फुटलेली. ओल्या कागदावर शाई पसरावी तशी. एक टोक गाठायला जावं तर दुसरं पसरे.

"आता?" भाऊंनी विचारलं.

"थोडं सुधारलं."

"पण साफ नाय ना?"

"साफ नाही."

त्यांनी श्वास सोडला. मला ते विचित्र वाटलं. नवी वस्तू बिघडलेली निघाली तर माणूस चिडतो. भाऊ सुटल्यासारखे दिसत होते.

ऑक्टोबरचं ऊन होतं. स्लॅबवरची हवा थरथरत होती. आम्ही स्टँड पाण्याच्या टाकीच्या सावलीत नेला. पाच मिनिटं थांबून पुन्हा बघितलं. फरक नाही. पावणेचार झाले होते.

मग मी जे बोललो ते अगदी सहज बोललो.

"भाऊ, तुम्ही नुसत्या डोळ्यानं बघा बरं धुराड्याकडे. एक डोळा झाकून. मग दुसरा."

"कशाला?"

"म्हणजे डोळ्याचा काही नंबर..."

"डोळ्याचं नाव काढायचं नाय!"

ते एवढ्या जोरात बोलले की शेजारच्या गच्चीत दोरीवरचे कपडे काढणाऱ्या बाईंनी वळून पाहिलं. भाऊ कधीच ओरडत नाहीत. इंजिनातही नाही, असं कुंदन सांगतो. ते टाकीला पाठ टेकून उभे राहिले आणि दुसरीकडे बघायला लागले.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन वर आल्या. त्यांनी ते ऐकलं होतं. कप माझ्या हातात देताना त्या हळूच बाजूला सरकल्या. मीही सरकलो.

"गणपतीपासून उजवा डोळा चोळतात," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं दाखवून या. तर म्हणे, झोप कमी झालीय."

"आणि?"

"एकदा इथे वाळवणाचे गहू उचलायला आलो होतो. तेव्हा म्हणाले, सरिता, ते धुराडं मधेच वाकल्यासारखं दिसतंय. परवा ते आठवलं तेव्हा वाटलं, दुर्बिणीतून दिसलं असेल तसं." त्या थांबल्या. "मग माझ्या लक्षात आलं. तेव्हा दुर्बीण आलीच नव्हती."

चहा गरम होता. मी तो हातात धरून उभा राहिलो.

ड्रायव्हर लोकांत डोळ्याबद्दल कुणी बोलत नाही, हे मला भाऊंनीच पूर्वी सांगितलं होतं. पाठ दुखते, गुडघा दुखतो, पित्त होतं, ते सगळे सांगतात. डोळ्यात कचरा गेला तरी तोंडातून तो शब्द काढत नाहीत. ठरावीक वर्षांनी मेडिकल असतं. त्यात डोळा नापास झाला की इंजिन सुटतं. मग एखादं टेबल, एखादं रजिस्टर. भाऊंचं मेडिकल पुढच्या महिन्यात होतं. आणि आज रात्री आठ वाजता त्यांच्या नावावर गाडी होती.

दुर्बीण बिघडलेली असेल तर डोळा ठीक होता. निदान तसं म्हणता येत होतं. म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं.

मलाही आता ती बिघडलेलीच हवी होती. मी तिच्यात दोष शोधायला लागलो.

"वहिनी, आणल्यावर हिला काय काय केलं?"

"काही नाही. पूजा केली."

"पूजा?"

"दसऱ्याला करतोच की. स्कूटर, मिक्सर, माझं शिवणयंत्र, यांचा टॉर्च. सगळ्याला हळदकुंकू, फूल. तसंच हिला."

"कुठे लावलं कुंकू?"

"दर्शनी बाजूला. पुढे." त्यांनी बोट दाखवलं. थेट पुढच्या मोठ्या भिंगावर. "मला काय माहीत ती काच एवढी नाजूक असते! नंतर पुसलं तर अजूनच माखलं. मग यांनी काढून धुतलं."

"भिंग काढलं?"

भाऊ टाकीपासून म्हणाले, "कडं फिरवलं, निघालं. साबणाच्या पाण्यानं धुतलं, सुकवलं, बसवलं. त्यात काय?"

कागदावर शेवटच्या ओळीत जाड अक्षरांत लिहिलेलं होतं, पुढचं भिंग कधीही काढू नये. मी ती ओळ मराठीत वाचून दाखवली. भाऊ टाकीपासून निघाले. त्यांच्या चालण्यात एकदम जोर आला.

"म्हंजी माझ्याकडून बिघडली!"

"असेल."

"असेल काय, बिघडलीच! सरिता, तुझं कुंकू!"

"माझं कुंकू आणि तुमचा साबण," वहिनी म्हणाल्या. पण त्याही हसत होत्या. पाच दिवसांत त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं असावं.

मी नळी आडवी केली, पुढचं काळं कडं सोडवलं आणि भिंग रुमालावर उतरवलं. दोन काचा होत्या, एकीवर एक, घट्ट बसवलेल्या. चकचकीत, कुठेही ओरखडा नाही. कडेची खरखरीत बाजू मात्र एका अंगाला लाल होती. कुंकू तिथे मुरलं होतं, साबणानंही गेलं नव्हतं. आणि ती लाल कड नळीच्या आतल्या बाजूला होती.

पूजेला कुंकू बाहेरून लावलं होतं. म्हणजे लाल कड बाहेर हवी.

"भाऊ, तुम्ही उलटं बसवलंत."

"उलटं?"

"ही बाजू बाहेर होती. आता आत आहे."

त्यांनी भिंगाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. चेहरा लहान पोरासारखा झाला होता. "यशा, लेका, तू एम.ए. कशाला झालास रे? मेकॅनिक व्हायचंस!" त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. शेजारी ठेवलेला चहा कलंडून माझ्या शर्टावर सांडला. वहिनींनी देवाला हात जोडले, कुठल्या दिशेला ते न ठरवता.

मी भिंग पलटलं, लाल कड बाहेर ठेवली आणि कडं आवळलं. साडेचार झाले होते. ऊन उतरलं होतं, हवा स्थिर झाली होती. मी नळी पुन्हा त्याच धुराड्यावर धरली आणि खुंटी फिरवली.

धुराडं उभं राहिलं. लाल पट्टा, पांढरा पट्टा, मधली सरळ रेघ. वर लोखंडी कठडा. कठड्यापर्यंत चढणारी शिडी, दोऱ्याएवढी. मी इतकं स्पष्ट काही कधी पाहिलं नव्हतं.

"झालं!" मी ओरडलो. "वहिनी, या."

वहिनींनी डोळा लावला. "अगं बाई! शिडी आहे तिथे? माणूस चढतो की काय एवढ्या वर?"

"चढत असणार."

"पगार किती देत असतील त्याला!"

मग भाऊ पुढे झाले. हात पुसले. वाकले. उजवा डोळा लावला. डावा मिटला.

खुंटी त्यांनी हळूहळू फिरवली. पुढे. मागे. परत पुढे. मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो. ती थांबत नव्हती. ज्याला दिसलं त्याची बोटं थांबतात.

"दिसलं?" वहिनींनी विचारलं.

"दिसलं की."

"शिडी?"

"शिडी," भाऊ म्हणाले.

"पट्टे किती सरळ आहेत ना?"

"पट्टे सरळ हायेत."

खुंटी फिरतच होती.

कागदावर एक गोष्ट लिहिली होती, ती मी त्यांना सांगितली नव्हती. साधा नंबर असलेला माणूस चष्मा काढूनही दुर्बिणीतून नीट बघू शकतो. चष्म्याचं काम ही खुंटी करते. तिच्या कुठल्या तरी एका जागी त्याला साफ दिसतंच. कुठेच दिसलं नाही तर भानगड नंबरची नाही.

"कठड्यावर काय आहे, भाऊ?" मी विचारलं.

"आधी तू बोल."

"तुम्ही बघताय ना."

"तू बोल की आधी."

हे वाक्य त्यांनी मला कधी म्हटलं नव्हतं. आवाज मात्र सवयीचा होता.

मी खोटं बोललो. ते मला कसं सुचलं, अजून कळत नाही.

"तीन घारी बसल्यात," मी म्हणालो. "दोन एकीकडे, एक लांब."

भाऊंनी खुंटी आणखी थोडी फिरवली. मग म्हणाले, "तीन घारी. दोन एकीकडं, एक लांब."

कठड्यावर काहीच नव्हतं.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी आत्ताच दुर्बिणीतून पाहिलं होतं. त्यांना घारी दिसल्या नव्हत्या. त्यांचा हात पदराकडे गेला आणि तिथेच राहिला.

"भाऊ," मी म्हणालो, "घारी नाहीत."

ते वाकलेलेच राहिले. डोळा भिंगाला, पाठ गोल.

"उडाल्या असतील," ते म्हणाले.

"नव्हत्याच. मी खोटं बोललो."

खाली रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न वाजला. भाऊंनी खुंटी सोडली.

"आता डावा लावून बघा," मी म्हणालो.

मला वाटलं ते मला मारतील. मारलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी डावा डोळा लावला. खुंटी थोडीशी फिरवली. बोटं थांबली.

"घार नाय," ते म्हणाले. "शिडी हाय. कठडा हाय. धुराडं सरळ हाय."

मग परत उजवा लावला.

"मधी काळपट डाग हाय. त्याच्या आजूबाजूनं वाकतंय."

पुढे डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्यामागे पाणी साचलं आहे. काहींचं आपोआप उतरतं, काहींचं उतरत नाही. जागरण, ताण, असं काहीबाही कारण. पण ते पुढे. त्या दुपारी आमच्याकडे नाव नव्हतं. फक्त एक डोळा होता आणि आठची गाडी होती.

"दोन्ही उघडे असले की दिसतं मला," भाऊ म्हणाले. ते वहिनींना सांगत होते. "डाव्यानं निभतं. सिग्नल दिसतो. रंग दिसतो. लांबचा जरा उशिरा दिसतो, एवढंच."

"एवढंच?" वहिनी म्हणाल्या.

"मेडिकल झालं की सुट्टी काढून दाखवतो."

"आणि तोवर?"

"तोवर कुंदन हाय ना."

वहिनी कप गोळा करायला लागल्या. मी दुर्बिणीवर टोपण लावलं. हातांना काहीतरी काम हवं होतं.

सव्वापाचला कुंदन आला. खाली मोटारसायकल लावून तो थेट गच्चीतच आला, पाठीला सॅक. दोघं स्टेशनपर्यंत मोटारसायकलवर जातात, तिथून मनमाडची गाडी धरतात.

"काय भाऊ, झाली का दुर्बीण? मला दाखवा ना! चंद्रावर प्लॉट बघायचाय, नाशिकमधी परवडत नाही."

कुणी हसलं नाही. तो आमच्या तिघांकडे आळीपाळीनं बघायला लागला.

भाऊंनी विचारलं, "कुंदन, गणपतीपासून आपण किती ट्रिपा मारल्या?"

"पंधरा-सोळा असतील. का?"

"आधी कोण बोलतं? सिग्नल?"

"मीच. तुम्हीच म्हणालात ना, आधी तू बोल. मला शिकवताय म्हणून." तो माझ्याकडे वळला. "भाऊ माझी तयारी करून घेतायत. मला पुढं ड्रायव्हर व्हायचंय ना."

"तू एकदा तरी चुकीचा बोललास?" भाऊंनी विचारलं.

"नाही, भाऊ."

"कशावरून?"

कुंदनला प्रश्न कळला नाही. तो सरळ म्हणाला, "तुम्ही पुन्हा बोलायचात ना. मी चुकलो असतो तर तुम्ही थांबवलं असतं की."

मी साहित्य शिकलो आहे. शब्दांबद्दल मी वर्गात तासन्‌तास बोलतो. त्या वाक्यानंतर मी फक्त हिशोब करत राहिलो. पंधरा-सोळा ट्रिपा. प्रत्येक ट्रिपेत किती सिग्नल? कुंदन बोलला ते भाऊंनी खरं मानलं, आणि भाऊंनी तेच पुन्हा म्हटलं म्हणून कुंदननं.

भाऊ खाली बसले. टाकीच्या कट्ट्यावर, पाय लांब करून.

"काय झालं?" कुंदननं विचारलं. "वहिनी?"

"यांना उजव्या डोळ्यानं दिसत नाही," वहिनी म्हणाल्या.

कुंदन एक पाऊल मागे सरला. त्याच्या चेहऱ्यावर राग आला, मग भीती, मग त्याचं त्यालाच काही कळेना.

"निफाडच्या अलीकडं त्या दिवशी मी डबल यलो बोललो," तो म्हणाला. "धुकं होतं. दोन पिवळे होते की एक, माझी खात्री नव्हती, भाऊ. मला वाटलं, तुम्ही बघताय."

"मला वाटलं तू बघतोयस," भाऊ म्हणाले.

पाच पंचवीस झाले. कुंदननं घड्याळ बघितलं, लपवून. भाऊंनी ते पाहिलं. ते उठले. मला वाटलं, निघाले. बॅग जिन्याच्या दाराशीच होती. बूटही घातलेले होते, लेस नेहमीसारख्या दुहेरी गाठीच्या. वहिनी दारात जाऊन उभ्या राहिल्या. अडवायला की वाट द्यायला, मला कळलं नाही. कदाचित त्यांनाही नाही.

भाऊंनी खिशातून फोन काढला आणि लॉबीला लावला. लॉबी म्हणजे ड्रायव्हर लोकांनी कामावर येताना हजेरी लावायची कचेरी. ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवून बोलतात.

"वाल्मीक बोलतोय. आठची गाडी. मला सिकमधी घ्या."

"काय झालं हो भाऊ? ताप का? इकडे पण दोघं पडलेत, व्हायरल चाललंय. ताप लिहितो. चार दिवसांनी या फिट होऊन."

भाऊंनी फोन तोंडासमोर धरला होता. 'हो' म्हटलं असतं तर आजची गाडी टळली असती. चार दिवसांनी पुन्हा गाडी. महिन्यानं मेडिकल, तोवर काहीतरी औषध, काहीतरी युक्ती. इंजिन हातात राहिलं असतं. ते सगळं मला त्या क्षणी दिसलं, तर त्यांना आधीच दिसलं असणार.

"भाऊ? ऐकताय ना? ताप ना?"

"ताप नाय," ते म्हणाले. "डोळा लिही."

"डोळ्यात काही गेलं का?"

"नाय. दिसत नाय. उजव्यानं."

पलीकडे कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. पंखा फिरत होता. मग तो माणूस हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, हे लिहिलं की मग तुम्हाला..."

"माहीत हाय. लिही. उजवा डोळा, गणपतीपासून."

"गणपतीपासून लिहू?"

"हां. गणपतीपासून."

त्यांनी फोन बंद केला आणि कट्ट्यावर उलटा ठेवला. कुणाकडे बघितलं नाही. कुंदनच्या डोळ्यात पाणी होतं. तो म्हणाला, "मी जातो, भाऊ. माझी तर ड्यूटी आहे."

"जा."

"कुणाबरोबर देतील काय माहीत."

"कुणाबरोबर बी दिली तरी," भाऊ म्हणाले, "तुझं तू बघ, मग बोल." कुंदननं मान हलवली. त्याला ते पुरलं असावं.

तो जिन्याकडे वळला तेव्हा वहिनींनी त्याला थांबवलं. त्यांनी भाऊंची बॅग उघडली, आतला डबा काढला. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा. फडक्याची गाठ नीट घट्ट केली.

"दुसऱ्या कुणाला अचानक बोलावतील," त्या म्हणाल्या. "घाईत येईल तो. जेवायचं काही आणलेलं नसेल. हा त्याला दे."

कुंदननं डबा सॅकमध्ये घातला आणि धावत खाली गेला.